खुलासा: जपानी चित्रकार होकुसाईच्या लाटेचं 'मूळ रंगवलेलं चित्र' अस्तित्वातच नाही

'होकुसाईची प्रसिद्ध लाट हे मुळात हाताने रंगवलेलं चित्र, बाकीचे छापे ही त्याची नक्कल. म्हणून हाताने रंगवलेली प्रत मूळच्या जास्त जवळची' असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

साधारण 1831 मधली ही लाट छापा म्हणूनच जन्मली. होकुसाईने पातळ कागदावर रेखाटन केलं. कोरणाऱ्याने ते चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून कोरलं आणि कोरतानाच ते रेखाटन नष्ट झालं. मग प्रत्येक रंगासाठी फळीवर रंग लावायचा, ओलसर कागद ठेवायचा आणि 'बारेन' नावाच्या गोल गादीने मागून घासायचं. संग्रहालयांतले त्या काळचे सगळे छापे त्यामुळे मूळच आहेत.

गोंधळ का होतो, तेही समजण्यासारखं आहे. 1765 च्या सुमारास बहुरंगी छपाई रुळण्याआधी काळ्या छाप्यांवर हाताने रंग भरत. होकुसाईची लाट त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली.

हाताने रंगवलेली प्रत वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. डच चित्रकार व्हॅन गॉगने 1887 मध्ये जपानी चित्रकार हिरोशिगेचा पावसातल्या पुलाचा छापा तैलरंगात उतरवला. ते त्याचं स्वतःचं सुंदर चित्र आहे. पण विकत घेताना 'हाताने रंगवलेलं' आणि 'हाताने छापलेलं' यांत गल्लत करू नका. टोकियोत आजही कारागीर नव्या फळ्या कोरून जुन्या पद्धतीने हेच छापे काढतात. मूळच्या जवळचं काही हवं असेल, तर ते तिथे आहे.