‘चाळे’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

सर, मोठ्या वर्गात प्रश्न विचारून रंगीत कार्डांनी मुलांची उत्तरं घ्या आणि त्यांना आपसात चर्चा करू द्या, असा लेख मी लिहिला होता. त्यावर तुम्ही लिहिलंत : “२५० मुलांच्या वर्गात हे असले चाळे चालत नाहीत. पोर्शन कोण पुरा करणार? मुलांना शेवटी नोट्सच हव्या असतात.”

मत वेगळं असू द्या, पण ‘चाळे’? १६ वर्षं एमबीबीएसच्या मुलांना फिजिऑलॉजी (शरीराचं काम कसं चालतं ते) शिकवतोय, तेही जमिनीला ठोकलेल्या बाकांच्या गॅलरीत. हा शब्द मला लागला, आणि तो मी सोडून देणार नाही.

एक चूक मान्य. चर्चेला दोन मिनिटं पुरतात असं मी लिहिलं होतं. एवढ्या मोठ्या वर्गात चार लागतात. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता हे ‘चाळे’ नीट बघा. प्रश्न : कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, फुप्फुसं ठणठणीत, धमनीतल्या रक्ताचा पीओटू, म्हणजे ऑक्सिजनचा दाब, कसा असेल? मिनिटभर कुणी बोलायचं नाही. मग ‘तीन’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम आपल्या उत्तराच्या रंगाचं कार्ड छातीशी धरायचं. एकेकाला हात वर करू दिलेत, तर पुढच्या बाकावरच्या हुशार मुलाकडे बघून बाकीचे हात वर जातात. बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असली तरच चर्चा : एकाआड एक रांगेनं मागे वळायचं आणि मागच्याला आपलं उत्तर पटवायचं. ३०च्या खाली असतील तर विषय पुन्हा शिकवा, ७०च्या वर असतील तर पुढे चला. चर्चेनंतर पुन्हा एकदा सगळ्यांनी कार्ड दाखवायचं. त्याआधी तुमच्या तोंडून उत्तर निसटलं की चर्चा तिथेच संपली.

इथे हमखास फसवणारं उत्तर म्हणजे ‘कमी’. बरोबर आहे ‘नॉर्मल’. पीओटू ठरतो विरघळलेल्या ऑक्सिजनवर. हिमोग्लोबिनवरच्या ऑक्सिजनच्या जागा कार्बन मोनॉक्साइडनं बळकावल्या तरी तो हलत नाही. ‘कमी’ म्हणणारं मूल वर्गात चुकलं तर बिघडत नाही. कॅज्युअल्टीत चुकलं तर? नॉर्मल पीओटू बघून, विषबाधा नाहीच असं समजून ते पेशंटला घरी पाठवेल, सर! याला चाळे म्हणता?

पोर्शनचं म्हणाल, तर नुसती लेक्चरं एक तृतीयांशाच्या वर नकोत, हे एमबीबीएसच्या २०१९च्या नियमावलीतच आलं होतं. ती वाचून लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. नोट्सबद्दल मी काहीच म्हटलेलं नाही, खुशाल द्या.

आणखी एकांनी कार्डांचं विचारलंय, त्यांच्यासाठी : ए-फोर जाड कागदाचे चार तुकडे, प्रत्येक पर्यायाला वेगळा भडक रंग. शेवटच्या रांगेतलं अक्षर फळ्यापाशी वाचता येत नाही, रंग दिसतो.