झाडाच्या बुंध्याशी हातभर माती तरी सोडा

जुलै आला की मुंबईत वृक्षारोपणाचे फोटो सुरू होतात. लावणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला जराही शंका नाही. पण या शहराला नव्या रोपांपेक्षा जास्त गरज आहे ती उभ्या झाडांकडे आधी मान वर करून आणि मग खाली वाकून बघणाऱ्यांची, असं माझं ठाम मत आहे.

वर बघायला इथे बाराही महिने काहीतरी असतंच. समुद्रामुळे थंडी अशी पडतच नाही. फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा लाल होतात. त्यानंतर करंजाची जुनी पानं बघता बघता झडतात आणि कोवळी पोपटी पालवी अशी चकाकते की तेल लावून पुसली असावी. एप्रिल-मेमध्ये बहावा, आपलं राज्यफूल ताम्हण, आणि माटुंग्याच्या रस्त्यांवर सोनमोहराचा पिवळा सडा.

सोनमोहर मूळचा आग्नेय आशियातला, गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेतला. त्यांच्या सावलीत आपण वाढलो, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नवीन झाड लावायचंच असेल तर खारा वारा सोसणारी आपल्या किनाऱ्याची झाडं लावा ना! करंज, उंडी, भेंड. उंडीच्या बियांचं तेल कोकणात दिव्यात जाळत. भेंडाचं फूल सकाळी पिवळं असतं, संध्याकाळपर्यंत लालसर होतं. एकदा दिवसभर लक्ष ठेवून बघा.

आता खाली बघा. फुटपाथवर, सोसायटीच्या आवारात, पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट थेट बुंध्याला भिडवलेलं. मुळांनाही श्वास लागतो, तो मातीतल्या पोकळ्यांमधून मिळतो. वरून सगळं बंद केलं की हवा नाही, पावसाचं पाणी सरळ गटारात, आणि केबलसाठी खणताना उरलीसुरली मुळंही तुटतात. मग जूनच्या पहिल्या वाऱ्यात झाड कोसळतं आणि आपण म्हणतो, वाऱ्याने पडलं. 1975 च्या कायद्यानुसार झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. सावकाश गुदमरवलं तर कोणी हटकतही नाही, याचा मला मनापासून राग येतो.

जागा नाही म्हणणाऱ्यांनी खिडकीच्या ग्रिलमध्ये कढीपत्ता लावावा. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला तर पुसू नका, ती अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते. हलकेच बोट लावलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. फवारणी कशाला? पानं पुन्हा फुटतात, आणि फुलपाखरू मिळतं ते वेगळंच. 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताच्या अळ्यासुद्धा याच लिंबू कुळातल्या झाडांवर वाढतात.

राहता राहिलं पाणी. आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, पुढचे आठ महिने कोरडे. जुलैत लावलेलं रोप पहिले दोन उन्हाळे पाणी घालून जगवायला माणूस नेमलेला नसेल, तर ते लावूच नये.

आमच्या सोसायटीच्या येत्या सभेत झाडांभोवतीचे ब्लॉक उचलायचा ठराव मी मांडणार आहे. तुमच्याकडे कोणी हे केलं असेल तर किती जागा मोकळी केली, खर्च किती आला आणि गाड्या लावणाऱ्यांची समजूत कशी काढली, ते कमेंटमध्ये नक्की लिहा.