रोज मागितला की माज दिसतो

सकाळी डेअरीत दूध घालायला गेले होते. तिथं चार-पाच द्राक्षबागायतदार बसलेले. एकजण म्हणाला, "बायका माजल्यात. डिपिंगला उक्तंच मागतात, वर न्यायला-आणायला गाडी पाहिजे." डिपिंग म्हणजे द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवायचं काम, उक्तं म्हणजे रोजाऐवजी कामाचा ठरवून दर. बाकीच्यांनी माना हलवल्या. मी गप्प घरी आले. तेव्हापासून डोकं भणभणतंय.

1994 साल. आईचा रोज 25 रुपये, त्याच बागेत आप्पांचा 40. समान वेतनाचा कायदा 1976 चा, पण तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात तो कुणाच्या कानावरसुद्धा आला नव्हता. बाजारादिवशी आठवड्याच्या पैशासाठी आई वाड्याच्या पायरीपाशी उभी राहायची, मी तिचा पदर धरून. मालक सोप्यात जेवायचे, मग पान, मग कुणाशी तरी गप्पा. पैसे हातात नाही द्यायचे, वरून पदरात टाकायचे. तोवर बाजार उठलेला, आमच्या पिशवीत उरलीसुरली वांगी.

आज सकाळी बोलला तो त्याच वाड्यातला.

आई निमूट उभी राहायची, कारण दुसरीकडं कामच नव्हतं. आजी सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, हाताला फोड आले. पण पैशासाठी वाड्याची पायरी चढावी लागली नाही. पाऊस पडला आणि परत तीच पायरी.

आता म्हैसाळ, ताकारी उपसा योजनांचं पाणी आलं, बागा वाढल्या. ऑक्टोबरात सगळ्यांच्या छाटण्या मागंपुढं, मग बायका सगळ्यांना एकदमच लागतात. घड कुणासाठी थांबत नाही, जीएचा, म्हणजे डिपिंगच्या औषधाचा, दिवस चुकला की मणी गेला. ज्यांच्या हातावर बाग उभी आहे त्यांनी दर सांगितला तर बिघडलं कुठं? द्राक्षाचा दर दलाल पाडतो, तेव्हा त्याला बसायला खुर्ची देताच ना!

बागायतदाराचं दुखणं खोटं नाही, मान्य. औषधांचे दर, फुलोऱ्यात पाऊस, पैसे बुडवून पळालेला दलाल. माझा भाऊसुद्धा एकरभर बाग करतो, ढग आले की त्याला झोप लागत नाही. पण ती तूट बाईच्या रोजातनं भरायची? पिढ्यान् पिढ्या तिथनंच भरली की.

भावाकडं येते त्या टोळीतल्या बायका माझ्या आईच्याच वयाच्या, काही तिच्याबरोबर त्याच बागेत राबलेल्या. त्यांच्याबद्दल 'माज' हा शब्द ऐकवत नाही मला.

दुपारी आईला हे सगळं सांगितलं. तिला राग आला नाही. तिनं एवढंच विचारलं, "पैसे कधी देतात गं आता?"

म्हटलं, "त्याच संध्याकाळी. मोबाईलवर."

बराच वेळ शेंगा फोडत बसली. मग म्हणाली, "म्हणजे उभं राहायला नको."