गुंगी उतरवणं हा छळ नव्हे

नमस्कार. वडिलांच्या आजारपणात जे पाहिलंत ते मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचे आक्षेप दोन. घशात नळी असताना गुंगीचं औषध बंद करून वडिलांना जागं केलं, हा छळ होता. आणि सिस्टर धीर देण्याऐवजी नुसते आकडे लिहीत राहिल्या.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. गुंगीत पेशंट शांत दिसतो, पण श्वासाचं काम मशीन करत राहतं आणि श्वासपटल, म्हणजे श्वास घेण्याचा मुख्य स्नायू, दुबळं होत जातं. २००८ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ३३६ पेशंटचा. ज्यांची गुंगी रोज सकाळी उतरवून मग स्वतःहून श्वास घेण्याची ट्रायल दिली, ते व्हेंटिलेटरवरून लवकर सुटले आणि वर्षभरात त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. जाग्या पेशंटने स्वतःच नळी ओढून काढण्याचे प्रकार मात्र त्यांच्यात जास्त घडले. त्या वेळी सिस्टर बेडपाशी लागते ती यासाठीच.

आता आकडे. ट्रायल अर्धा ते दोन तासांची असते. श्वास मिनिटाला ३५ च्या वर जातोय का, रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली घसरतोय का, नाडी, बीपी, कपाळावरचा घाम, मानेचे ताणलेले स्नायू, सगळं पाहावं लागतं. एकाच आकड्यावर काही ठरत नाही. दहा मिनिटांपूर्वी काय होतं ते कागदावर असेल तरच पेशंट दमत चाललाय हे कळतं, आणि ट्रायल वेळेवर थांबवता येते. नळी काढायचं डॉक्टर ठरवतात, पण कफ किती, कसा, खोकल्यात जोर आहे का, हे त्यांना सक्शन करणारी, म्हणजे नळीतून कफ ओढून काढणारी सिस्टरच सांगते.

दुसऱ्या आक्षेपातला अर्धा भाग मात्र खरा आहे. वडिलांना आणि तुम्हाला आधी सांगायलाच हवं होतं: "बाबा, आता औषध कमी करतोय, नळीमुळे बोलता येणार नाही, मी इथेच आहे." हे बोलणं सक्शनइतकंच नर्सिंगचं काम आहे, आणि गर्दीच्या आयसीयूत तेच आधी गळतं. यात मी तुमच्याच बाजूने आहे.

ते अजून व्हेंटिलेटरवर असतील, तर त्यांचा चष्मा आणि कानाचं यंत्र आत पाठवा. पुढची ट्रायल कधी आहे ते विचारून घ्या आणि त्या वेळी घरातल्या एकाला जवळ थांबू द्या, अशी विनंती करा.