‘आवाज कुणाचा’ हा प्रश्न आहे, उत्तरासाठी थांबा

आज सकाळी शालेय खो-खोचे सामने होते. मरणाची थंडी, मैदानावर दव, तरी दोन्ही शाळांची पोरं-पोरी साडेआठलाच कडेला हजर. निळ्या स्वेटरमधली एक मुलगी घोषणा द्यायला पुढे आली, सातवी-आठवीतली असेल. हात वर केला, मान जराशी मागे टाकली आणि खणखणीत म्हणाली, ‘अरे आवाऽज कुणाऽचा?’ मागच्या तीस-चाळीस पोरींनी उत्तरासाठी श्वास घेतला. तेवढ्यात समोरच्या माणसाएवढ्या स्पीकरमधून तोच प्रश्न, त्याचं तयार उत्तर आणि खाली धाडधाड ठेका, असं सगळं एकदम अंगावर आलं. पोरींची तोंडं उघडीच राहिली. तिने दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला. मग हात खाली घेतला आणि दप्तरावर जाऊन बसली.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

अरे, तो प्रश्न आहे! विचारणारा एक आणि उत्तर देणारे शंभर, एवढंच तर त्या घोषणेचं भांडवल. पेन ड्राइव्हमधला माणूस स्वतःच विचारतो, स्वतःच उत्तर देतो, आणि मैदानावरची माणसं गप्प उभी राहून ऐकतात. मग आवाज कुणाचा, ते तुम्हीच सांगा.

या घोषणेची बांधणी बघा. ‘आ – वाज – कुणा – चा’, चार ठोके. शेवटी ‘चा’, म्हणजे तोंड पूर्ण उघडं. छातीतून काढता येतो आणि दम असेल तितका लांबवता येतो. आवाज पुल्लिंगी, त्यामुळे संघ मुलांचा असो की मुलींचा, उत्तराच्या शेवटीही ‘चा’च येणार. नाशिकचा, ओझरचा, मालेगावचा. यमक फुकटात मिळतं. हा ‘च’ चाकातला आहे, चहातला नाही. आजच्या त्या ट्रॅकमध्ये चहातला होता! ज्याने तो म्हटला त्याला मराठी येत नसावं, आणि आपण तो आपल्या पोरींच्या डोक्यावर वाजवतोय.

उत्तरही चार ठोक्यांत बसावं लागतं. ‘ना – शिक – चा’ आणि चौथ्याला टाळी. गाव सटाणा किंवा येवला असेल तर आधी सराव हवा, कारण अर्धी पोरं ‘सटाण्याचा’ म्हणतात आणि अर्धी घाईत ‘सटाणाचा’; उत्तर मधोमध फाटतं. शाळेचं पाटीवरचं पूर्ण नाव घ्यायला गेलात तर संपलंच. ‘माध्यमिक विद्यामंदिराचा’ म्हणेपर्यंत निम्म्यांचा श्वास संपतो. पोरं आपापसात शाळेला जे म्हणतात तेच नाव घ्यायचं.

आणि ते ‘अरे’. लोकांना वाटतं ते उगाच जोडलेलं आहे. गर्दीला श्वास घ्यायला वेळ मिळतो तो त्या ‘अरे’मध्ये. ‘अरे’ निदान एक सेकंदभर लांबवायचा. तो खाल्ला की उत्तर अर्धवट छातीने येतं. त्या मुलीने ‘अरे’ इतका अचूक धरला होता! कुणी शिकवलं असेल तिला? बहुधा कुणीच नाही. मोठ्या बहिणीचं बघून आलं असेल.

ही घोषणा कुठून कुठे गेली तेही बघा. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिर कॉलेजच्या पोरांनी याच प्रश्नाने दणाणून सोडलेलं असतं. शिवसेनेच्या सभा-मोर्च्यांतून ती खेडोपाडी पोचली. कबड्डीच्या मैदानांवर ती आहे, दहीहंडीत आहे, गणपतीत आहे. गाण्यांनीही तिला उचललं, कारण आयता ठेका, आयतं यमक आणि सगळ्यांना पाठ. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मिरवणुकीत ट्रॅक लागला की पाय हलतात, मान्य आहे. पण मिरवणूक वेगळी आणि सामना वेगळा.

जगात उलटंही झालंय. ‘ओले ओले’चं ते गाणं १९८५ साली बेल्जियममध्ये अँडरलेख्त क्लबच्या विजेतेपदासाठी निघालं. लोकांनी त्यातल्या दोन अक्षरांची ओळ उचलली, बाकीचं गाणं सोडून दिलं आणि ती ओळ जगभरच्या फुटबॉल मैदानांवर स्वतःच्या गळ्याने म्हणायला लागले. म्हणजे गाणं मैदानात आलं तेव्हा लोकांनी ते वाद्यांतून सोडवून घेतलं. आपण काय करतोय? लोकांच्या गळ्यातलं काढून यंत्रात घालतोय आणि पुन्हा लोकांवर फेकतोय.

२०१६ च्या युरो स्पर्धेतली आइसलंडच्या लोकांची ती टाळी आठवते ना? ढोलाचा ठोका, मग शांतता, मग हजारो हात डोक्यावर एकदम आणि तोंडाने ‘हू’. मग पुन्हा शांतता. सुरुवातीला अंतर लांब, हळूहळू कमी होत जातं. काटा येतो तो त्या मधल्या शांततेमुळे. वानखेडेवर २०१३ च्या नोव्हेंबरात ‘सचिऽन, सचिन’ घुमत होतं तेही तसंच. नाव, मग टाळ्या, मग पुन्हा नाव. मधली जागा मोकळी असते म्हणून पुढचा माणूस त्यात शिरू शकतो. ट्रॅकमध्ये ती जागाच नसते. तिथे ठेका भरलेला असतो, कारण रिकामं ठेवलं तर नाचणारा थांबेल.

आता खरा रागाचा मुद्दा. खो-खो आणि कबड्डी हे आवाजाचे खेळ आहेत. खो देताना पाठीला हात आणि तोंडाने ‘खो’ दोन्ही एकदम लागतं, नाहीतर फाउल. कबड्डीत चढाईवाल्याने ‘कबड्डी कबड्डी’ पंचाला ऐकू येईल असं म्हणायचं असतं. दम ऐकू आला नाही तर चढाई गेली. हे खेळ ज्यांनी घडवले त्यांनी गळ्यावर नियम बांधलेत, आणि आपण मैदानाला चिकटून स्पीकर रचतो! आज तेच झालं. एका मुलीने स्वच्छ खो दिला, बसलेलीला कळलंच नाही, ती अर्धी उठली आणि थबकली. पंचांनी फाउल दिला, कारण त्यांनाही ‘खो’ ऐकू आला नव्हता. खो देणारी रडकुंडीला आली. पंचांचा दोष नाही, त्यांनी दोनदा हात करून आवाज कमी करायला सांगितलं होतं. कमी झाला, पाच मिनिटांनी पुन्हा वाढला.

घोषणेच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि जुन्या प्रेक्षकांना त्या पाठ असतात. कबड्डीत चढाई तीस सेकंदांची आणि पुढच्या चढाईला पाच सेकंदांत जावं लागतं. त्या पाच सेकंदांत टाळी बसते, घोषणा बसत नाही. ती लोण पडल्यावर (म्हणजे अख्खा संघ बाद झाल्यावर), टाइम-आउटला किंवा मध्यंतरात द्यायची. खो-खोत तिघांची तुकडी बाद झाली आणि पुढचे तिघे आत येतायत, त्या मधल्या वेळात एक फेरी होते. डाव संपला की मनसोक्त. पाठलाग चालू असताना एक शब्द नाही. त्या निळ्या स्वेटरवालीने एकदाही पाठलागात तोंड उघडलं नाही. तिन्ही वेळा तुकडी बदलताना उठली. तेराचौदा वर्षांच्या पोरीला जे कळतं ते स्पीकर लावणाऱ्या मोठ्या माणसांना कळू नये?

बरं, स्पीकर लावणारा पोरगा वाईट नाही. त्याचं पोट आहे, त्याला सांगितलं ते त्याने केलं. निकाल, नावं, हरवलेल्या पोराची सूचना माईकवरून द्यावीच लागते. तेवढ्यासाठी स्पीकर हवा, आणि तोही मैदानाकडे पाठ करून.

ज्यांना घोषणा द्यायची आहे त्यांच्यासाठी लिहितो, कारण हे आता कुणी सांगत नाही. पुढे उभं राहायचं ते तोंड गर्दीकडे करून. मैदानाकडे तोंड केलंत तर आवाज समोर निघून जातो आणि मागच्यांना फक्त पाठ दिसते. पट्टी खाली धरायची, बोलण्याच्या आवाजापेक्षा थोडीच वर. गर्दी नेहमी तुमच्यापेक्षा चढं उत्तर देते, मग तुम्ही आणखी चढता, आणि वर सुरू केलं असेल तर तिसऱ्या फेरीला गळा फुटतो. आज समोरच्या शाळेच्या मुलाचा तसाच फुटला, दुपारी त्याला बोलता येत नव्हतं. प्रश्न संपला की एक ठोका पूर्ण रिकामा सोडायचा आणि हात खाली आणायचा. उत्तर हाताकडे बघून येतं, कानाने नाही. चार फेऱ्या पुरे. पाचव्याला लोक आपसात बोलायला लागतात.

मोठ्या मैदानात हा हात तर फारच लागतो. नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचा सामना असतो तेव्हा एका टोकाची घोषणा दुसऱ्या टोकाला उशिरा पोचते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर जवळपास सेकंदाचा तिसरा हिस्सा गेला. तेवढ्यात ठोका सरकतो आणि उत्तराचा गोंगाट होतो. तिथे दोन बाजूंना दोन माणसं लागतात, एकमेकांच्या हाताकडे बघत.

आणि ठेका हवाच असेल तर वाद्यं आहेत ना! हे शहर कुठलं आहे? आपला ढोल केरळपर्यंत गेलाय, तिकडे लग्नात आणि उत्सवात तो ‘नासिक ढोल’ म्हणूनच ओळखला जातो. आणि नाशिकच्या मैदानावर पेन ड्राइव्ह? दोनशे माणसांच्या गर्दीला एक ताशा आणि दोन ढोल भरपूर. ताशाने ‘अरे’च्या आधी तर्री, म्हणजे सलग थरथरता ठेका, वाजवून आणायची आणि प्रश्नाला तोडायची. एकदम बंद, काड्या वर. प्रश्न कोरडा जाऊ द्यायचा. उत्तराच्या ‘चा’वर ढोलाची एक थाप आणि मग दोन ठोके टाळीबरोबर. ढोलवाल्याला मोह होतो प्रश्नाखालीही वाजवायचा, त्याला आधीच बजावायचं. हलगी असेल आणि चामड्याची असेल तर आजच्यासारख्या दवात ती सैल पडते, ठण्ण न वाजता भद्द वाजते. कागद-पाचोळा पेटवून पाच मिनिटं लांबून शेकायची, बोटाने टिचकी मारून बघत राहायची. जास्त तापली तर तडकते.

ढोल-ताशाचाही अतिरेक होतो, हो, होतो. पण ढोलवाला माणूस असतो. समोरची पोरगी हात वर करते ते त्याला दिसतं आणि तो थांबतो.

राग बराच उतरलाय लिहिता लिहिता. ती मुलगी दप्तरावर बसून दुसऱ्या डावात काय करत होती माहितीये? ओठ हलवत होती. आवाज नाही, नुसते ओठ, आणि गुडघ्यावर बोटांनी चार ठोके. शेवटच्या ‘चा’ला तळवा मांडीवर. ट्रॅकच्या ठेक्यात नाही, तिच्या स्वतःच्या, जरा संथ.

त्यांचा संघ जिंकला. रविवारी सकाळी अंतिम सामना आहे, त्याच मैदानावर. आयोजक मंडळी हे वाचणाऱ्यांतच आहेत आणि त्यांना कळलं असेल कुणाबद्दल लिहितोय, म्हणून नाव घेत नाही. माईक ठेवा, ट्रॅक घरी ठेवा. बाकीच्यांनी साडेआठच्या आत या. खुर्च्यांवर बसू नका, त्या निळ्या स्वेटरांच्या मागे उभे राहा. तिने हात वर केला की ‘अरे’ला श्वास भरून घ्या, हात खाली आला की द्या.