हात लागलेच आहेत तर…

शिडाच्या बोटीला वारा पुरतो, हा समज इंजीन बंद पडेपर्यंत टिकतो. मुंबई ते गोवा समुद्रमार्गे सुमारे ४०० किलोमीटर. दुपारी वायव्येचा वारा झकास ढकलतो, पण अंधार पडला की तो सरकारी कचेरीसारखा बंद. मतलई सुटेपर्यंतची रात्र डिझेलवर काढायची.

देवगडच्या बाहेर तापमानाचा भोंगा वाजला. समुद्राचं पाणी ओढून इंजीन गार ठेवणाऱ्या पंपात रबरी पात्यांचं एक चक्र असतं, इम्पेलर. बहुधा एखादी प्लास्टिकची पिशवी खालच्या तोंडाशी चिकटली, पाणी थांबलं आणि कोरड्या फिरण्यात पाती तुटली. नवा इम्पेलर होता. पण जुन्याचे तुकडे पुढच्या नळीत अडकतात, तेही शोधावे लागतात. सहा पाती, सापडली चार.

आमच्या बोटीत इंजीन जिन्याखाली. जिना काढला की वरचे वर, खालचे खाली. संडास खाली, ताई वर.

"टॉर्च नीट धर," भाऊजी म्हणाले.

"कुठे धरू?"

"मी बघतोय तिथे!"

ते त्या वेळी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळावरच्या दिव्याने मी आंधळा झालो आणि तेवढ्यात दहाचा पाना तळात पडला. तिथे खारं पाणी, डिझेल आणि सकाळी सांडलेला चहा गुण्यागोविंदाने नांदत होते.

अखेर दोन्ही पाती सापडली. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण भाऊजी म्हणाले, "हात लागलेच आहेत तर डिझेल फिल्टरही बदलून टाकू."

नव्या फिल्टरसह इंजिनाने हूं की चूं केलं नाही. भाऊजी पुस्तक उघडून बसले. वरून ताई विचारत होती, "अहो, अजून किती वेळ?" या प्रश्नातली निकड त्यांना कळत नव्हती.

तेवढ्यात एक ट्रॉलर जवळ आला. तांडेलाने आमची अवस्था ऐकली आणि तिथूनच निदान केलं, "एअर धरल्यान! नट ढिलो करा नि पंप मारा!"

फिल्टर बदलताना डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. फिल्टरवरचा नट सैल केला. मी टॉर्च धरली, भाऊजींनी हातपंप मारला. आधी फेस, मग बुडबुडे, मग नितळ डिझेल. नट आवळताच इंजीन धडधडलं. भाऊजी म्हणाले, "मलाही तोच संशय होता."

जिना बसला. ताई कुणालाही न जुमानता खाली धावली. दोन मिनिटांनी दाराआडून आवाज आला, "अहो, या फ्लशच्या पंपाचा दांडा माझ्या हातात आलाय!"

भाऊजी हसतमुखाने पान्यांची पेटी घेऊन उठले.