अकरा फुटी गाडी, आठ फुटी कुंपण

अमेरिकेत घर घेतलं की ते आपलं होतं, हा गैरसमज बँक आणि एचओए मिळून दूर करतात. बँक निदान 30 वर्षांनी तरी पिच्छा सोडते. एचओए, म्हणजे होमओनर्स असोसिएशन, आपल्याकडच्या सोसायटीसारखी घरमालकांची संघटना, जमिनीलाच चिकटलेली असते. घर विकलं तर नव्या मालकाच्या मानगुटीवर बसते. तिची नियमावली काउंटीच्या दप्तरी नोंदलेली असते आणि खरेदीच्या दिवशी सह्यांच्या गठ्ठ्यात सगळेच ती न वाचता मान्य करतात.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. कचऱ्याचा डबा कधी बाहेर काढायचा, गवत किती वाढू द्यायचं, दाराला कुठला रंग, सगळं या नियमावलीत आहे. आमच्या दारावर तोरण आहे, पण ते एचओएच्या मोठ्या मनामुळे नव्हे; टेक्ससने 2021 साली घरावरच्या धार्मिक वस्तूंना कायद्याने संरक्षण दिलं म्हणून. फ्लोरिडात तर माणसाला स्वतःच्या ड्राइव्हवेवर स्वतःचा पिकअप ट्रक लावता यावा म्हणून 2024 साली कायदा करावा लागला. आमच्या आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, मदतीला मात्र कुठलाच कायदा धावून आला नाही.

कोविडमध्ये विमानाची भीती आणि हॉटेलची धास्ती, म्हणून अख्खी अमेरिका चाकांवरच्या घरांच्या मागे लागली. 2021 साली कारखान्यांतून सहा लाखांच्या आसपास आरव्ही बाहेर पडल्या. त्यातल्या बहुतेक इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या परिसरात बनतात. त्यातलीच एक आमच्या दारात आली. 28 फूट लांब, 11 फूट उंच, ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछाना, मागे टपावर चढायला शिडी. नेमके तेव्हा आई-बाबा डोंबिवलीहून आलेले होते. आईने आत शिरल्या शिरल्या शेगडी पेटवून चहा टाकला आणि बाबांनी संडासाचं पाणी कुठे जातं याची चौकशी केली. उत्तर ऐकल्यावर चहा तसाच राहिला.

पुढच्याच आठवड्यात पत्र आलं. सोबत पुरावा म्हणून रंगीत फोटो. चालत्या मोटारीतून काढलेला असावा, कारण कोपऱ्यात आरसा आला होता. फोटोत आमची आरव्ही होतीच. पण अगदी मध्यभागी, सूर्यप्रकाशात झळाळत, आईचा परकर होता. शिडी बघितल्यावर तिला दुसरं काही सुचलं नव्हतं. पत्रात दोन गुन्हे: नियमबाह्य वाहन आणि रस्त्यावरून दिसणारे कपडे.

"माझ्या परकराचा फोटो अमेरिकन माणसाने काढला?" आई म्हणाली. तिच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपलं होतं. आरव्हीचं काय ते आम्ही बघावं.

बाबांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, आता भडकणार. ते म्हणाले, "ड्राफ्टिंग सुरेख आहे रे."

बाबा आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे अनेक वर्षं सेक्रेटरी. पाहुण्यांच्या स्कूटरच्या हवा काढण्यापासून नोटीसबोर्डावर नावं लावण्यापर्यंत सगळं केलेला माणूस. त्यांनी ती नियमावली मागून घेतली आणि सुट्टीवर आलेला माणूस कादंबरी वाचेल तशी गॅलरीत बसून वाचून काढली. मला समजेल असा सारांशही दिला: सामान भरण्या-उतरवण्यासाठी आरव्ही 48 तास दारात चालेल. आत झोपायचं नाही. कायमची ठेवायची तर कुंपणाच्या आत, आणि रस्त्यावरून दिसता कामा नये.

"पण कुंपण आठ फुटांपेक्षा उंच नको, हाही नियम आहे," मी म्हणालो.

"आहे ना. पान वेगळं आहे."

वरच्या तीन फुटांचं काय करायचं? झाड लावावं तर ते मंजूर यादीतलं हवं आणि त्याला वेगळ्या समितीची परवानगी. ते 11 फूट होईपर्यंत आरव्ही भंगारात जाईल. बरं, शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये तीन मोडक्या मोटारसायकली, एक तुटका सोफा आणि ख्रिसमसचा फुगवायचा डायनासोर आहे. शटर खाली आहे, म्हणून तो आदर्श रहिवासी. माझं मत सरळ आहे: एचओएला तुम्ही काय बाळगता याच्याशी देणंघेणं नाही, काय दिसतं याच्याशी आहे.

टेक्ससमध्ये दंड लावण्याआधी सुनावणी मागायला 30 दिवस मिळतात. बाबांनी लगेच अर्ज लिहायला घेतला. विषय, संदर्भ, 'वरील विषयास अनुसरून', शेवटी 'आपला विश्वासू', सगळं इंग्रजीत. एचओएच्या बोर्डाला असा अर्ज आयुष्यात आला नसावा. सुनावणीत त्यांनी तो आदराने वाचला, कौतुक केलं आणि फेटाळला. वर बजावलं, की सहा महिन्यांत पुन्हा तसंच झालं तर सुधारायची दुसरी संधी न देता दंड लागेल.

"बरोबर आहे," बाबा बाहेर येऊन म्हणाले. "मीही फेटाळला असता."

हल्ली आरव्ही हायवेजवळच्या स्टोरेज यार्डात भाड्याने राहते. सहलीच्या आधी ती घरी आणायची आणि 48 तासांशी शर्यत लावायची. फ्रीज गार व्हायला एक रात्र, पाणी भरायचं, अंथरुणं, डबे, आणि त्यात आई "लाडू वळून होऊ देत" म्हणून बसलेली. परत आल्यावर तेच उलट्या क्रमाने, फक्त सगळे दमलेले आणि एकमेकांशी अबोला.

परवा यार्डात गाडी लावायला बाबांना सोबत नेलं. रांगेत शेकडो आरव्ही आणि बोटी. बाबांनी हात मागे बांधून एक फेरी मारली. काही गाड्या पट्ट्याबाहेर आलेल्या, एकीखाली तेल गळलेलं, दुसरीच्या शिडीवर कुणाचा तरी टॉवेल.

"इथं कमिटी कोण बघतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही बाबा. भाडं भरायचं, गाडी लावायची."

त्यांनी खिशातून पेन काढलं.

"कागद आहे का रे तुझ्याकडे?"